जाळी पाहून वायर घ्यावी

सीडी प्लेअर किंवा डॅकपासून (डिजिटल संदेशाचा ॲनालॉग करणाऱ्या यंत्रापासून) ॲम्प्लिफायरपर्यंत जाणारी हातभर वायर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत शंभर-दोनशे रुपयांना मिळते. हाय-फायच्या वातानुकूलित शोरूममध्ये तशाच लांबीची वायर मखमली डबीतून बाहेर निघते आणि तिची किंमत पाच आकडी असते. दोन्हींच्या टोकांना त्याच आरसीए पिना, दोन्हींतून जाणारं गाणंही तेच. दुकानदार पहिल्या वायरीला ‘टू आरसीए टू टू आरसीए’ म्हणतो, दुसरीला ‘इंटरकनेक्ट’. या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी शहाणपणाची खरेदी असते. माझ्या मते ती पहिल्या टोकाच्या बरीच जवळ असते, पण अगदी त्या टोकावर नसते. पैसे द्यायचेच तर बाहेरच्या जाळीला आणि टोकांच्या पिनांना द्यावेत. आतल्या तांब्याच्या वंशावळीला देण्यात अर्थ नाही.

तांब्याचा निकाल आधी लावू, कारण जाहिरातीतला सगळा गाजावाजा त्याचाच असतो. सीडी प्लेअर जास्तीत जास्त २ व्होल्टचा संदेश देतो. ॲम्प्लिफायरच्या इनपुटचा अवरोध साधारण १० ते ४७ हजार ओहम असतो. २२ हजार धरला तर वायरीतून जास्तीत जास्त सुमारे ९० मायक्रोअँपिअर प्रवाह जातो, म्हणजे एका अँपिअरचा दहा हजारावा भागही नाही. स्पीकरच्या वायरीतून कित्येक अँपिअर जाऊ शकतात, तिथे तांब्याची जाडी खरोखर मोजावी लागते. इथे तो प्रश्नच नाही. ०.२ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा अवरोध मीटरला ०.०९ ओहमच्या आसपास येतो. समोर बावीस हजार ओहम बसलेले असताना त्यात संदेशाचे दहा लाखांतले चार भाग हरवतात. चांदी तांब्यापेक्षा पाच-सहा टक्क्यांनी चांगली वाहक आहे, म्हणून चांदीची तार घेतली तर या चारांतल्या एका भागाचा पाव हिस्सा वाचेल. एवढ्यासाठी चांदी घेण्यापेक्षा पैंजण करावेत.

‘ऑक्सिजन-फ्री कॉपर’ हा शब्द आता शंभर रुपयांच्या वायरीवरही छापलेला असतो. वायरीसाठी वापरलं जाणारं साधं विद्युत-शुद्ध तांबंच ९९.९ टक्के शुद्ध असतं. ऑक्सिजनमुक्त म्हणून विकलं जाणारं ९९.९५ किंवा ९९.९९ टक्के. दोघांच्या वाहकतेत जेमतेम एक टक्का फरक पडतो. असलं तांबं कानांसाठी नव्हे, व्हॅक्यूम ट्यूब बनवणाऱ्यांसाठी महत्त्वाचं होतं, कारण साधं तांबं हायड्रोजनच्या सान्निध्यात तापवलं की आतल्या ऑक्सिजनमुळे ठिसूळ होतं. तुमच्या दिवाणखान्यातली वायर हायड्रोजनच्या भट्टीत जाणार नसेल तर तो शब्द वाचून पुढे जायला हरकत नाही. ‘स्किन इफेक्ट’चंही तसंच. उच्च वारंवारतेला प्रवाह तारेच्या पृष्ठभागाकडे सरकतो हे खरं, पण २० हजार हर्ट्झला, म्हणजे माणसाच्या कानाच्या वरच्या टोकाला, तांब्यात तो ०.४६ मिलिमीटर खोलीपर्यंत पोचलेला असतो. आपल्या तारेची त्रिज्याच पाव मिलिमीटर. लपायला पृष्ठभागाखाली जागाच उरत नाही.

वायरीची धारिता, म्हणजे कपॅसिटन्स, हा जरा दखल घेण्याजोगा मुद्दा. मधली तार आणि बाहेरची जाळी मिळून एक लहानसा कपॅसिटर तयार होतो, मीटरला ५० ते २०० पिकोफॅरडचा. तो उच्च स्वर खातो असं सांगतात. खातो, पण किती? डॅकचा आउटपुट अवरोध ६०० ओहम आणि दीड मीटर वायरीची धारिता २२५ पिकोफॅरड धरली तर आवाज उतरायला लागतो तो १,१८० किलोहर्ट्झच्या आसपास. वटवाघळंसुद्धा तिथपर्यंत ऐकत नाहीत. हा हिशेब बदलणाऱ्या दोन जागा आहेत, त्यांच्याकडे नंतर येतो.

मग हजारो लोकांना फरक ऐकू येतो तो कसा? खोटं बोलतात असं नाही. आवाज डेसिबलच्या एक-दोन दशांशांनी जरी मोठा झाला तरी कान त्याला ‘मोठा’ न म्हणता ‘अधिक मोकळा’, ‘अधिक स्पष्ट’ म्हणतो. वायर बदलताना आपण उठतो, संगीत थांबवतो, परत बसतो, डोकं वेगळ्या ठिकाणी टेकवतो, आणि या वेळी जास्त लक्ष देऊन ऐकतो. लक्ष दिलं की तबल्याच्या बायाची घिस्सी आधीपेक्षा ठसठशीत ऐकू येतेच. १९८३ साली अमेरिकेतल्या ‘स्टीरिओ रिव्ह्यू’ मासिकात लॉरेन्स ग्रीनहिल यांनी स्पीकरच्या वायरींची आंधळी चाचणी छापली होती. अगदी बारीक तार काही प्रमाणात ओळखू आली, पण साधी जाड तार आणि महागडी नाममुद्रेची तार संगीतावर वेगळ्या काढता आल्या नाहीत. जिथे प्रवाह मोठा असतो तिथे ही गत. इंटरकनेक्टमध्ये तर प्रवाह नावालाच असतो. वायर शंभर तास ‘मुरल्यावर’ खुलते असंही सांगतात. मुरतो तो कान. आणि तेवढ्यात माल परत करायची मुदत संपलेली असते.

इतकं झाल्यावर कुणी म्हणेल की मग सगळ्यात स्वस्त तीच घ्यावी. इथेच खरी गोष्ट सुरू होते.

आरसीए ही जोडणी अनबॅलन्स्ड आहे. मधल्या पिनेतून संदेश जातो आणि बाहेरच्या कड्यातून, म्हणजे जाळीतून, परत येतो. पण जाळीकडे आणखी एक काम असतं: दोन यंत्रांचे सांगाडे एकमेकांना जोडण्याचं. प्रत्येक यंत्राच्या पॉवर सप्लायमधून मेन्सचा थोडासा प्रवाह सांगाड्यावर गळत असतो. ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळ्यांतल्या धारितेतून गळतो, चार्जरमधल्या गाळणीच्या कपॅसिटरांतून गळतो. दोन्ही यंत्रांतल्या गळतीतला फरक जायला वाट शोधतो आणि ती वाट म्हणजे आपली जाळी. चाळीतल्या एका नळावर दोन बिऱ्हाडं, तसा प्रकार. गळतीचा प्रवाह जाळीच्या अवरोधातून गेला की तिथे व्होल्टेज तयार होतं, आणि ते थेट संदेशात मिसळतं. ॲम्प्लिफायरला दोन्हींतला फरक कळायची सोय नसते. तो इमानदारीने ५० हर्ट्झची घूं आणि १०० हर्ट्झची भण्ण वाढवून स्पीकरला देतो.

आकडे पाहिले की जाळीचं महत्त्व कळतं. गळती १०० मायक्रोअँपिअर धरू; दोन पिनांच्या उपकरणांत एवढी असणं नेहमीचं आहे. स्वस्त वायरीत बाहेरचं वेष्टण म्हणजे चार-सहा केसांसारख्या तारा मधल्या तारेभोवती सैल गुंडाळलेल्या असतात. तिचा आणि ढिल्या पिनांच्या संपर्काचा मिळून अर्धा ओहम सहज होतो. अर्धा ओहम गुणिले १०० मायक्रोअँपिअर म्हणजे ५० मायक्रोव्होल्टचं हमिंग. घरगुती उपकरणांची नेहमीची संदेश-पातळी ०.३१६ व्होल्ट मानतात, तिच्यापेक्षा हे ७६ डेसिबलने खाली. रात्री, पंखा बंद असताना, संवेदनशील स्पीकरजवळ हे ऐकू येतं. आता दाट विणलेल्या तांब्याच्या जाळीची कोॲक्सियल वायर घ्या. तिच्या जाळीचा अवरोध मीटरला ०.०१ ओहमच्या आसपास असतो. दोन मीटरला ०.०२ धरा, हमिंग उरतं २ मायक्रोव्होल्ट. म्हणजे आधीपेक्षा २८ डेसिबल कमी. तांब्याची शुद्धता, चांदी, क्रायो-उपचार (तार अतिथंडीत गोठवणं) या सगळ्यांनी मिळून जे होत नाही ते दाट जाळीने झालं, आणि दाट जाळीची वायर महाग नसते. टीव्ही स्टुडिओत व्हिडिओसाठी वापरतात ती चांगली कोॲक्सियल किंवा नामांकित कंपनीची मायक्रोफोन केबल मीटरवर मिळते. बेल्डन, कॅनारे, मोगामी, क्लोट्झ ही त्यातली जगभर चालणारी नावं. स्टेजवर पायाखाली तुडवली जाणारी वायर घरातल्या कपाटामागे पिढ्या काढेल.

अर्थात जाळीलाही मर्यादा आहे. गळती मायक्रोअँपिअरची न राहता मिलिअँपिअरची झाली तर कुठलीच वायर वाचवत नाही. याचा नेहमीचा आरोपी केबल टीव्हीची वायर. केबलवाल्याची जाळी गच्चीवर किंवा शेजारच्या इमारतीत कुठेतरी जमिनीशी जोडलेली असते, तुमचा ॲम्प्लिफायर तीन पिनांच्या प्लगमधून तुमच्या इमारतीच्या अर्थिंगशी. या दोन जमिनींमध्ये फरक असतो आणि तो सेट-टॉप बॉक्स, टीव्ही आणि आरसीए वायरीतून वाहायला लागतो. ओळखायची युक्ती फुकट आहे: सेट-टॉप बॉक्सच्या मागची केबलची वायर काढून बघा. हमिंग थांबलं तर नवी इंटरकनेक्ट घ्यायला निघालेले पैसे खिशात परत ठेवा. लॅपटॉपवरून गाणी वाजवत असाल तर चार्जर काढून बघा. भणभण गेली तर दोष चार्जरच्या गळतीचा. सगळी उपकरणं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घेतली तरी पुष्कळ फरक पडतो, कारण मग अर्थिंगचे बिंदू जवळ येतात.

टीव्हीपासून येणाऱ्या आवाजासाठी सगळ्यांत स्वस्त इलाज तोशिबाने १९८३ साली आणलेला आहे. टॉसलिंक ही प्लॅस्टिकच्या तंतूतून प्रकाश नेणारी वायर असते, त्यातून वीज जातच नाही, त्यामुळे हमिंगही जात नाही. एक इलाज मात्र कधीही करू नये: तीन पिनांच्या प्लगमधली अर्थची पिन काढून टाकणं. घूं थांबते आणि दोष आल्यावर सांगाड्याला हात लावणारा माणूस दगावू शकतो.

जाळी तीन प्रकारची असते. विणलेली (ब्रेडेड) सर्वांत चांगली. नुसती एका दिशेने गुंडाळलेली (स्पायरल) लवचीक असते आणि तारा पुरेशा असतील तर चालते. ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा आणि त्याच्याबरोबर एक उघडी तार, हा तिसरा. रेडिओ लहरी अडवायला पत्रा उत्तम, कारण त्यात भोकं नसतात. पण हमिंगच्या बाबतीत सगळा भार त्या एकुलत्या एका तारेवर पडतो. पत्रा आणि विणलेली जाळी दोन्ही असतील तर प्रश्नच मिटला. दुकानात तयार वायर कापून बघता येत नाही, पण मीटरवर मिळणारी वायर बघता येते. टोक सोलून ‘दादा, जाळी कॉपरची का?’ असं विचारायला संकोच करू नये. ब्लेडने एक तार खरवडा. आत लालसर रंग दिसला तर तांबं, पांढराच राहिला तर ॲल्युमिनियम. नुसतं वरून चंदेरी दिसण्यावर जाऊ नका, कलई केलेलं तांबंही चंदेरी दिसतं. डिश टीव्हीची आरजी-६ वायर स्वस्त आहे म्हणून तिचा मोह होतो, पण तिच्या मधल्या तारेत बहुधा तांब्याचा मुलामा दिलेलं पोलाद असतं आणि जाळी ॲल्युमिनियमची. ॲल्युमिनियमला साधं सोल्डर धरत नाही. खिशात छोटं लोहचुंबक असेल तर पोलाद लगेच पकडता येतं.

महागड्या वायरींवर एक बाण छापलेला दिसतो, ‘संदेश या दिशेने’. संदेश दर सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट जातो, त्याला बाण वाचता येत नाही. तरीही काही वायरींत बाणाला अर्थ असतो. आत दोन तारा असतात आणि जाळी एकाच टोकाला जोडलेली असते, ते टोक डॅककडे ठेवा एवढंच बाण सांगतो. ही रचना ‘सेमी-बॅलन्स्ड’ म्हणून जास्त पैशाला विकली जाते. मला ती पटत नाही. जाळी एका टोकाला तोडल्यावर परतीचा सगळा भार, गळतीसकट, आतल्या बारीक तारेवर येतो, आणि वर मांडलेल्या हिशेबाने हमिंग वाढतं. मायक्रोफोन केबलची आरसीए कॉर्ड करायची असेल तर एक तार पिनेला द्यावी. दुसरी तार आणि जाळी एकत्र पिळून दोन्ही टोकांना कड्याला द्यावी.

आता पिन. १९३० च्या दशकात अमेरिकेच्या आरसीए कंपनीने हा प्लग रेडिओच्या कपाटात ग्रामोफोन जोडण्यासाठी आणला. आतल्या आत एकदा लावायचा, पुन्हा हात लावायचा नाही, आणि बनवायला अगदी स्वस्त, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा होती. म्हणून त्यात एक जन्मखोड राहिली आहे: मधली पिन आधी टेकते आणि कडं नंतर. ॲम्प्लिफायर चालू असताना वायर खुपसली की स्पीकरमधून धाडकन आवाज येतो तो यामुळे. लिख्टेनश्टाइनच्या न्यूट्रिक कंपनीने स्प्रिंगवरचं कडं पुढे सरकवून हे सोडवलं आहे. ती पिन महाग पडते. घरी ॲम्प्लिफायर बंद करून वायर बदलण्याची सवय फुकट पडते. पिनेत बघायचं ते कडं. त्याला चिरा हव्यात आणि सॉकेटवर ते घट्ट बसायला हवं, पण इतकं नाही की काढताना सॉकेटच हातात यावं. साच्यात ओतलेल्या बंद रबरी पिनेपेक्षा फिरवून उघडता येणारी धातूची पिन घ्यावी. आतलं सोल्डर दिसतं आणि तुटलं तर पुन्हा लावता येतं.

सोन्याचा मुलामा ऐकू येत नाही, पण गंजत नाही. मुंबई, रत्नागिरी, पणजी अशा खाऱ्या हवेच्या गावी तो उपयोगी आहे. आवाज एका बाजूने जातो-येतो, खरखरतो, ही तक्रार या पट्ट्यात बहुधा पिनेवरच्या मळाची असते. वर्षातून एकदा सगळं बंद करून पिना काढाव्यात, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसाव्यात आणि लावताना दोन-तीन वेळा गोल फिरवाव्यात. ज्यांनी वायर बदलली आणि आवाज खुलला असं सांगितलं, त्यांतल्या पुष्कळांच्या घरी नवी वायर लावताना जुना गंज खरवडला गेला असावा, असा माझा संशय आहे.

तयार वायर तपासायला मल्टिमीटर पुरतो. आधी त्याच्या दोन्ही सळ्या एकमेकींना टेकवून त्यांचा स्वतःचा अवरोध पाहून घ्या. मग वायरीच्या एका टोकाच्या कड्यापासून दुसऱ्या टोकाच्या कड्यापर्यंत मोजा. सळ्यांचा आकडा वजा करून काहीच उरत नसेल तर वायर चांगली. ०.३-०.५ ओहम उरत असतील तर घेऊ नका. मोजताना पिनेच्या बुडाशी वायर हलवून पाहा, आकडा नाचायला नको. लांबी लागते तेवढीच घ्यावी: मीटरभर पुरत असताना ‘असू दे’ म्हणून तीन मीटर घेतली की जाळीचा अवरोध आणि धारिता दोन्ही तिप्पट होतात.

धारितेचा हिशेब कुठे बदलतो ते राहिलं. पहिली जागा रेकॉर्ड प्लेअर. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज फक्त काही मिलिव्होल्ट देतं आणि त्याच्या आत तारेचं मोठं वेटोळं असतं. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ई या लोकप्रिय कार्ट्रिजचं इंडक्टन्स ५५० मिलिहेन्री आहे आणि कंपनी १०० ते २०० पिकोफॅरडचाच भार सुचवते. २०० पिकोफॅरडला हे वेटोळं आणि धारिता यांचा अनुनाद १५ किलोहर्ट्झच्या आसपास येतो, ४०० ला तो पावणेअकरावर उतरतो आणि सारंगी-व्हायोलिन उगाच टोचायला लागतात. फोनो स्टेजमध्ये, म्हणजे कार्ट्रिजचा संदेश वाढवणाऱ्या भागात, आधीच शंभरेक पिकोफॅरड बसवलेले असतात. म्हणून इथे मीटरला ५०-६० पिकोफॅरडची कोॲक्सियल हवी, आणि एका मीटरच्या आतच. वायरीने आवाज बदलतो म्हणणाऱ्यांचं इथे बरोबर आहे. दुसरी जागा म्हणजे विजेविना चालणारा, नुसत्या व्हॉल्यूमच्या बटणाचा पॅसिव्ह प्रीॲम्प. ५० किलोओहमच्या बटणाचा आउटपुट अवरोध साडेबारा हजार ओहमपर्यंत जातो. त्याला ४५० पिकोफॅरडची तीन मीटर वायर लावली तर २० किलोहर्ट्झला पावणेदोन डेसिबल कमी होतात.

डॅककडे जाणारी डिजिटल कोॲक्सियल वायर मात्र ७५ ओहमची लागते. जुन्या डीव्हीडी प्लेअरबरोबर आलेल्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या तिकडीतली पिवळी वायर त्यासाठीच, म्हणजे व्हिडिओच्या ७५ ओहमसाठी, बनवलेली असते. ती माळ्यावर असेल तर नवी घेऊ नका.

आणि घरात जुना पाच पिनांच्या गोल सॉकेटचा फिलिप्ससारखा सेट असेल तर तो जर्मन डिन पद्धतीचा असतो. त्याच्या टेपच्या सॉकेटवर मोबाईल किंवा डॅक जोडायचा तर ३ क्रमांकाची पिन डावा आवाज, ५ उजवा, २ जाळी. १ आणि ४ या रेकॉर्डिंगसाठी बाहेर जाणाऱ्या. त्या मुद्दामच कमकुवत ठेवलेल्या असतात, समोरच्या इनपुटच्या दर किलोओहममागे एक मिलिव्होल्टच्या हिशेबाने. त्या पिनांवरून आजच्या ॲम्प्लिफायरला आवाज नेला आणि तो दबका, बोदा आला, तर वायर बदलून उपयोग नाही. मध्ये छोटा प्रीॲम्प लावावा लागेल.